प्रतिसाद: टर्ब्युलन्स नुसता खोडा घालतो का?

वाहत्या द्रव धातूतून चुंबकक्षेत्र आपोआप तयार होण्याच्या (म्हणजे डायनॅमोच्या) चर्चेत कोणीतरी म्हटलं, "टर्ब्युलन्स (प्रवाहातली अनियमित खळबळ) चुंबकक्षेत्र विस्कटून टाकतो, बाकी काही नाही". हे विधान अर्धंच खरं आहे. 1999 साली रीगा (लाटव्हिया) आणि कार्ल्सरूह (जर्मनी) इथल्या प्रयोगांत डायनॅमो चालले, पण तिथे द्रवरूप सोडियमचा प्रवाह नळ्यांतून ठरावीक वाटेनं नेला होता, त्यामुळे सरासरी प्रवाहावरून (खळबळ वगळून उरणाऱ्या प्रवाहावरून) केलेलं गणित बऱ्यापैकी जुळलं.

खरी गंमत फ्रान्समधल्या कादाराशच्या प्रयोगात आहे. एका नळकांड्यात सोडियम, दोन्ही टोकांना उलट दिशांनी फिरणारे पात्यांचे पंखे, आणि आत भयंकर खळबळ. 2006 मध्ये तिथे चुंबकक्षेत्र आपोआप उभं राहिलं, तेही अक्षाभोवती सममित! आता, सरासरी प्रवाहही अक्षाभोवती सममितच. काउलिंगच्या प्रमेयानुसार असं सममित क्षेत्र अशा एकट्या सरासरी प्रवाहाच्या जोरावर टिकूच शकत नाही. म्हणजे सरासरीपलीकडच्या हालचालींचा, बहुधा पात्यांमधल्या मळसूत्री भोवऱ्यांचा, हातभार हवाच. पंखे स्टेनलेस स्टीलचे असताना मात्र डायनॅमो पेटला नव्हता. सहज चुंबकित होणाऱ्या मऊ लोखंडाचे बसवल्यावर पेटला. तेव्हा सगळं श्रेय टर्ब्युलन्सला देणंही मला पटत नाही.

उलट बाजूही आहेच. भोवऱ्यांमुळे क्षेत्र जणू धातूचा विद्युतरोध वाढल्यासारखं लवकर विरतं. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या, सोडियम भरलेल्या गोलाच्या प्रयोगातल्या मोजमापांत हा परिणाम दिसला आहे.