सरकारी यादीतली गावनावं आपण दुरुस्त करावीत का?

माळरान:
सरकारने खुल्या केलेल्या गावयाद्यांशी ताडून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवक भरतात त्या खुल्या नकाशावर, मराठी नावं तपासायचं काम मी करतोय. यादीत नावं रोमन लिपीत असतात. रोमनमध्ये लिहायला सरकार वापरतं ती हंटर पद्धत द आणि ड दोन्हींना एकच अक्षर देते. व्यवहारातल्या रोमनमध्ये ल-ळ, न-ण यांचंही तेच होतं. मग कुणीतरी ती यादी यंत्राने परत देवनागरीत आणतं आणि कळंबचं 'कलंब' होतं, वणीचं 'वानी', माळशिरसचं 'मालशिरस'. तीच नावं पुढे अ‍ॅपमध्ये जातात. माझ्या मते गावकऱ्यांना विचारून आपण ती सुधारावीत आणि सरकारी यादीनेही ती दुरुस्ती घ्यावी.

टोपोशीट:
ओपनस्ट्रीटमॅपवर खुशाल करा, सरकारी यादी बदलायला मात्र माझा ठाम विरोध. दाखले, योजना, नोंदी तिच्यावर चालतात. आणि गावकऱ्यांना विचारून म्हणता, पण कुणाला? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्याजागी समतानगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. मुख्य गावात चौकशी केलीत तर पुष्कळदा जुनंच नाव कानावर येईल. 'लोक असंच म्हणतात' म्हणून तुम्ही ते पुन्हा नकाशात घालणार?

माळरान:
नाही घालणार. हा धोका मी धरलाच नव्हता. वस्तीचं नाव वस्तीतल्याच माणसांना विचारायला हवं.
पण कळंबचा ळ म्हणजे नामांतर नव्हे. गावच्या सातबाऱ्यावर मराठीत 'कळंब'च लिहिलेलं असतं. म्हणजे कागदाशी फारकत यादीने घेतलीय, आपण नाही. शिवाय प्रत्येक महसुली गावाला, म्हणजे महसूल दप्तरी स्वतंत्र नोंद असलेल्या गावाला, जनगणनेचा संकेतांक आहे. अक्षर सुधारलं तरी अंक तोच राहतो.

पाणंद:
तुम्ही दोघं ळ वर भांडताय. आमच्याकडच्या वाड्या, पाडे, तांडे यादीत मुळी नाहीतच, कारण यादी महसुली गावांची. १०८ ला फोन केला की वाडीचं नाव सांगून उपयोग नसतो, शेजारच्या गावापासून रस्ता समजावत बसावं लागतं. ही नावं स्वयंसेवकांनी नाही भरली तर कोण भरणार आहे?

टोपोशीट:
नवं नाव भरायला माझी हरकत नाही. पण संकेतांकाचं म्हणाल, तर खिडकीवरचा माणूस अंकाने शोधत नाही, नावाने शोधतो. जुळलं नाही की अर्ज परत. म्हणून ग्रामसभेचा ठराव हवाच.

माळरान:
एका ळ साठी ग्रामसभा? वर्ष जाईल त्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेची पाटी प्रत्येक मोठ्या गावात आहे, नाव शुद्ध मराठीत रंगवलेलं. तिचा फोटो पुरावा धरा.

टोपोशीट:
अक्षराच्या चुकीला पाटी चालेल, तलाठ्याच्या दप्तराशी जुळत असेल तर. आणि जुनं रूपही यादीत पर्यायी नाव म्हणून राहू द्या, म्हणजे कुणाचा अर्ज अडणार नाही. वस्तीच्या नावाला मात्र ठरावच. तिथे मी मागे हटणार नाही.