सिंहासनावरचा देव पटत नाही, मग प्रार्थना कोणाला करायची?

रविवारची_घंटा

चर्चमध्येच वाढलो, आता पन्नाशी उलटली. विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायची श्रद्धेची ठरलेली कबुली, झोपेतही म्हणू शकेन. पण 'सर्वसमर्थ देवपिता' म्हणताना जो डोळ्यांसमोर येतो तो आता पटत नाही. वर कुठेतरी बसलेला, पांढऱ्या दाढीचा, कोणाला बरं करायचं नि कोणाला नाही ते ठरवणारा. १,३८० कोटी वर्षांचं हे विश्व, आणि त्याचा मालक माझ्या बढतीचा अर्ज वाचतोय?

नास्तिक व्हायचं नाहीये. पॉल टिलिक हा धर्मशास्त्रज्ञ थोडा वाचला. त्याचं म्हणणं, देव म्हणजे इतर वस्तूंसारखी आणखी एक वस्तू नव्हे, तर असण्याचाच आधार. वाचताना मान डोलते. पण रात्री दिवा मालवल्यावर "हे माझ्या असण्याच्या आधारा" असं म्हणून बघा, हसू येतं. ज्यांनी जुनी प्रतिमा सोडली, त्यांनी प्रार्थनेचं काय केलं?

जुना_कागद

दाढीचं एवढं मनावर घेऊ नका. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आसनावर बसलेल्या पुराणपुरुषाचे केस लोकरीसारखे आहेत, दाढी चित्रकारांनी चिकटवली. मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टीन चॅपलचं छत रंगवलं आणि तोच चेहरा सगळ्यांच्या डोक्यात बसला. १६६६-६७ च्या मॉस्कोच्या धर्मसभेनं तर देवपित्याचं चित्र काढायलाच मनाई केली होती. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा धर्मपंडितही सांगून गेला की देव काय आहे हे आपल्याला कळत नाही, काय नाही एवढंच कळतं. १९६३ मध्ये वूलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी 'वर बसलेला देव' सोडून द्या म्हटल्यावर इंग्लंडात केवढा गहजब झाला! त्यातलं निम्मं तर आधीच कोणी ना कोणी म्हणून ठेवलेलं होतं.

निवृत्त_पाळक

वरचं सगळं बरोबर, पण दाढी काढणं सोपं आहे हो. ती काढूनही मागे राहतो तो कारभारी. कर्करोग, अपघात, मूल न होणं, सगळ्या फायलींवर सही करणारा. सुशिक्षित, विज्ञान मानणारी माणसंही दुःखात त्याच्याकडेच वळतात. माझं भांडण त्याच्याशी आहे.

एका तरुण बापाच्या दफनाच्या वेळी कोणीतरी त्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलाला म्हणालं, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." पोरानं विचारलं, "मग मी वाईट वागू का?" तिथे उभ्या असलेल्या एकालाही उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. अंत्यविधीला मी 'देवाची इच्छा' हे शब्द वापरत नाही, त्यावरून मंडळीतल्या ज्येष्ठांची बोलणीही खाल्ली आहेत.

आणि हे मी आधुनिक होण्यासाठी करत नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती जास्त पापी होती का? येशू सरळ 'नाही' म्हणतो. निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी देवाची केवढी वकिली केली, शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच!

हिटलरविरोधी कटात सामील असलेला जर्मन पाळक बॉनहोफर १६ जुलै १९४४ ला बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून मित्राला लिहितो की देव स्वतःला जगाबाहेर, क्रुसापर्यंत ढकलू देतो, आणि तसा दुबळा देवच आपल्याला मदत करू शकतो. चार दिवसांनी हिटलरला मारण्याचा कट फसला. ९ एप्रिल १९४५ ला बॉनहोफरला फाशी दिली. हे आरामखुर्चीत बसून सुचलेलं नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ मोल्टमानचंही तेच. १९४३ च्या हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात शेजारी उभा असलेला मित्र गेला, हा वाचला. पुढे १९७२ मध्ये त्यानं क्रुसावर दुःख भोगणाऱ्या देवावर अख्खा ग्रंथ लिहिला.

काठावरची

पाळकसाहेब, मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलते. रडणारा देव माझ्या रुग्णाच्या काय कामाचा? रडायला नातेवाईक आहेतच. कार्ल रानर हा कॅथलिक धर्मशास्त्रज्ञही साधारण हेच म्हणाला होता: मी ज्या गाळात रुतलोय त्यातच देवही रुतलेला असेल तर माझी सुटका कशी होणार? शिवाय तुम्ही वचनं निवडून घेताय. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाबद्दल येशू 'पाप कोणाचंच नाही' म्हणतो, पण लगेच 'देवाची कार्यं प्रकट व्हावीत म्हणून' असंही आहेच. कारभारी परत आला की नाही?

निवृत्त_पाळक

आला, कबूल. ते वचन मला आजही टोचतं, त्यावर गुळगुळीत प्रवचन देता येतं पण देणार नाही. रानरचा मुद्दाही खरा आहे. नुसता सोबत रडणारा देव पुरत नाही, म्हणून तर पुनरुत्थानाशिवाय क्रूस सांगू नये. ते कसं घडतं हे मला समजावता येत नाही, त्यावर मी भिस्त ठेवतो इतकंच. फक्त एक सांगतो, ताई. तुमच्या विभागाबाहेर बाकावर बसलेले लोक मला 'का?' कमी वेळा विचारतात. 'थोडा वेळ बसाल का?' हे जास्त.

रविवारची_घंटा, तुमचा प्रश्न राहिलाच. 'आधारा' म्हणायची गरज नाही. तुमची अडचण 'पिता' या हाकेची आहे की त्यामागच्या मालकाची? यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखं सांत्वन करतो, लूक १५ मध्ये हरवलेलं नाणं शोधत घर झाडणाऱ्या बाईच्या गोष्टीतून त्याची ओळख होते. हाक बदलून बघा. मी स्वतः बायबलातली स्तोत्रं वापरतो, त्यातही तक्रारीची. बावीसावं, अठ्ठ्याऐंशीवं. अठ्ठ्याऐंशीव्याचा शेवट तर अंधारातच होतो, समेट नाही की आभार नाहीत. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

रविवारची_घंटा

अडचण मालकाचीच, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. अठ्ठ्याऐंशीवं आत्ताच वाचलं. उपासनेत हे कधी ऐकल्याचं आठवत नाही, का बरं?

काठावरची

कारण ते वाचल्यावर लगेच दान गोळा करतानाचं गीत सुरू करता येत नाही. 🙂 रात्रपाळीत वाचून बघते मी पण.