कॅथलिक शाळा नेमकी कशासाठी?

खडूफळा: 'कॅथलिक शाळेचं काम परीक्षेचा चांगला निकाल लावणं, धर्म पाटीपुरता' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. अहो, बिशपच्या संमतीशिवाय 'कॅथलिक' हे नावच लावता येत नाही, कॅनन (म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम) 803. धर्म शिकवणारे शिक्षकही त्यानेच नेमायचे किंवा मंजूर करायचे, 805. निकालच हवा असता तर हा खटाटोप कशाला?

तिरकस: लिहिणारा मीच. पुढचं 806 सोयीस्कर गाळलंत! अभ्यासाचा दर्जा आसपासच्या शाळांइतका तरी हवा, ही जबाबदारी संचालकांवर टाकली आहे.

मधली_सुट्टी: दर्जा राहू दे, मूल्यशिक्षणाचे हाल बघा. आठवड्याला एक तास, तोही शेवटचा. परीक्षा आली की गणितवाले पळवतात. उरलेल्यात 'प्रामाणिकपणा' फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी तो शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा.

खडूफळा: म्हणूनच गुण ठेवा.

मधली_सुट्टी: श्रद्धेला 10 पैकी 7? धन्य आहे!

खडूफळा: श्रद्धेला कोण म्हणतंय? आधी नीट वाचा. व्हॅटिकनच्या 1988 च्या दस्तऐवजात धर्मशिक्षण वेगळं आणि श्रद्धासंस्कार वेगळा. शाळेतल्या तासाला हवं ते ज्ञान. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या, म्हणजे पैसे उधळून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ करतो ती येशूची बोधकथा. थोरला का रागावला, 2 गुण. बापाने बाहेर येऊन त्याला काय समजावलं, 3 गुण. 'तू क्षमा करतोस का?' असं विचारू नका, सगळा वर्ग 'हो' लिहितो. '10 आज्ञा क्रमाने लिहा' हाही फालतू प्रश्न, त्यात फक्त पाठांतर तपासलं जातं.

तिरकस: प्रश्नपत्रिका बरी काढता, तेवढं मान्य. पण इतर धर्मांची मुलं?

मधली_सुट्टी: दाखला कळायला बाप्तिस्मा लागत नाही. प्रार्थनेची गोष्ट वेगळी. श्रद्धा स्वीकारायला कुणावर बळजबरी नको, हे कॅनन 748 मध्येच आहे. पोर हात न जोडता गप्प उभं राहिलं तर डायरीत शेरा मारू नका, इतकं साधं.

खडूफळा: यावर भांडण नाही. पण त्या भीतीने तास बेचव करू नका. ख्रिस्ताचं नाव गाळून नुसतं 'चांगलं वागा' शिकवायचं तर शाळेला संताचं नाव तरी कशाला?

तिरकस: नावाचं राहू द्या, फीचं बोला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात गरिबांची, कुटुंबाचा आधार नसलेल्यांची आणि श्रद्धेला परक्या असलेल्यांची काळजी घ्या असं लिहिलंय. जोसेफ कालासान्झ या धर्मगुरूने 1597 मध्ये रोममध्ये फुकट शाळा काढली. आता प्रवेशाआधी आईबापांची मुलाखत!

खडूफळा: फीसाठी वेगळा धागा काढा.

तिरकस: काढतो. शीर्षक तेच, 'पाटीपुरता'.