मदत हवी आहे: ट्रक डावीकडे ओढतोय

मंडळी, जरा डोकं लावा. माझा दहाचाकी ट्रक लासलगावहून वाशीला कांदा वाहतो. पंधरा दिवस झाले, स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते. रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यानं थोडं होतंच. पण ही उजव्या लेनमध्येही तशीच ओढते.

पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखी केली, मग टायर आपसात बदलले. ओढ डावीकडेच, म्हणजे दोष टायरचा नाही. अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ जुळवणं) करून आणली. दोन दिवस बरं वाटलं, बहुधा पैसे दिल्यामुळे! ब्रेक दाबल्यावर ओढ वाढत नाही आणि कसारा घाट उतरून थांबल्यावर पुढचे दोन्ही ब्रेक ड्रम सारखेच तापलेले असतात.

काल टेप धरून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर मोजलं. डावीकडे 12 मिलिमीटर कमी भरलं. कमानपाट्याचा सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरून एक्सल जागेवर ठेवणारा) तुटून एक्सल, म्हणजे चाकांचा आस, सरकला असेल का? मिस्त्री किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) बदलायचाच हट्ट धरून बसलाय. पाटे आधी उघडू की किंगपिनचा खेळ (ढिलेपणा) तपासू? पुढचा एक्सल सरकलाय की मागचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? सोमवारी माल भरायचाय.