मदत हवी आहे: पहिल्या गिटारचा टॉप थंडीत खचला

मंडळी, मी मिरजेचा. धंदा फर्निचरचा, पण गेली दोन वर्षं रात्री दुकान बंद झाल्यावर अकूस्टिक गिटार बनवायचा नाद लागलाय. सतारमेकर गल्लीत लहानपणापासून येणं-जाणं, त्यामुळे तुनाच्या लाकडाची ओळख आहे. स्प्रूस मात्र पहिल्यांदाच हाताळलं.

टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, सिटका स्प्रूसचा, रंधून २.८ मिमी केला. टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या एक्स पद्धतीच्या, म्हणजे फुलीसारख्या. चूक बहुतेक इथंच झाली: पट्ट्या जुलैत चिकटवल्या. तेव्हा हवेत ८० टक्के दमटपणा होता, पण अंगात घाई! जानेवारीत दमटपणाचा मीटर ३५ टक्क्यांवर आला. लाकूड आडव्या अंगानं आकसलं, पट्ट्या काही लांबीत आकसत नाहीत, मग ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीच्या) पुढे टॉप खोलगट झाला. तारा खाली आल्या, पाचव्या फ्रेटपर्यंत सगळं झणझणतंय. ब्रिजच्या मागे मधल्या सांध्यात बोटभर चीर आहे. टॉर्च आत धरला की बाहेरून उजेडाची रेघ दिसते.

चीर आधी ओल देऊन मिटवायची आणि मग आतून सांध्यावर लाकडाच्या छोट्या चकत्या लावायच्या, की टॉपच उतरवून ४५ टक्के दमटपणात नव्यानं पट्ट्या मारायच्या? सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) उंच करून वेळ मारून नेता येईल, पण ते मनाला पटत नाही.

आणि पावसाळ्यात तुम्ही ग्लूइंग कसं करता? डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र) घेतलाय का कुणी, की बंद कपाटात बल्ब लावून भागतं? कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुणी केलं असेल तर जरूर सांगा.