मदत हवी आहे: अरब देशांचं अर्थकारण मुलांना मराठीतून कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. यंदा टीवायचा पश्चिम आशियावरचा पेपर माझ्याकडे आलाय. वर्गात बत्तीस मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरचं कोणी ना कोणी कुवेत, दोहा नाहीतर दम्मामला आहे, म्हणजे आखात त्यांना माझ्यापेक्षा जवळचं. पण त्यापलीकडचं काही विचारलं की उत्तर एकतर तेल नाहीतर धर्म. इजिप्तमध्ये २०११ ला लोक रस्त्यावर का उतरले असं विचारलं तर एक जण म्हणाला, "मॅडम, तिकडं असंच असतं." मला ते फार लागलं. त्यात त्याची चूक नाही, त्याच्यापर्यंत दुसरं काही पोचलेलंच नाही.

म्हणून तेल बाजूला ठेवून मी भाकरीपासून सुरुवात केली. आपण ऐश करणे म्हणतो तो शब्द मूळचा अरबी, अर्थ जगणं, आणि इजिप्तमध्ये रोजच्या रोटीलाच ऐश म्हणतात. २०११ च्या घोषणेत पहिला शब्द तोच होता: ऐश, मग स्वातंत्र्य, मग सामाजिक न्याय. तिथल्या रेशनला तमवीन म्हणतात, कार्डावर माणशी दिवसाला पाच रोट्या. एका रोटीची किंमत तीसेक वर्षं पाच पियास्तरच होती (शंभर पियास्तरचा एक पाउंड). का, तर जानेवारी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहाने राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने सबसिडी कापायची ठरवली आणि दोन दिवसांत देशभर इतका भडका उडाला की सैन्य उतरवावं लागलं आणि निर्णयही मागे घ्यावा लागला. तेव्हापासून किमतीला हात लावायची भीती, मग वजनाला हात लावला. २०२० मध्ये रोटी ११० ग्रॅमवरून ९० वर आणली. किंमत शेवटी जून २०२४ मध्ये वाढली, पाचाची वीस पियास्तर.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून घरची तांदळाची भाकरी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नेली. ११२ ग्रॅम भरली. ९० वर काटा येईपर्यंत एका मुलीला तोडायला सांगितली. तिच्या हातात जो तुकडा उरला तो तिने सगळ्यांना दाखवला आणि वर्ग एकदम गप्प झाला.

जमिनीचा भाग तर मुलांना आपोआप समजला. लष्करी क्रांतीचे नेते नासर यांच्या काळात, १९५२ च्या कायद्याने, खंड (कुळाने मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) जमीन महसुलाच्या सातपटीवर बांधला आणि कुळांना संरक्षण मिळालं. १९९२ च्या ९६ नंबरच्या कायद्याने तो आधी २२ पट केला आणि ऑक्टोबर १९९७ पासून मालकाला पाहिजे तो खंड घ्यायची, कुळाला काढायचीही मोकळीक दिली. मी म्हटलं, आपला कुळकायदा उलटा फिरवला असता तर तुमच्या सातबाऱ्याचं काय झालं असतं, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी चौघं जुने उतारे घेऊन आली.

आता अडलंय ते असं. एक म्हणजे 'रेंटियर स्टेट'ला, म्हणजे लोकांच्या करांवर नाही तर तेलासारख्या आयत्या उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याला, मराठी शब्द काय वापरू? भाडोत्री राज्य म्हटलं की मुलांना भाड्याचे सैनिक आठवतात. आणि ही कल्पना शिकवताना मलाच एक खटकतं, ती सगळं लक्ष तेलाच्या पैशावर ठेवते आणि राबणारा माणूस चित्रात येतच नाही, कुवेत, कतार, एमिरातीत तर बहुसंख्य लोकच बाहेरून आलेले आहेत. म्हणून पुढचा तास कफाला पद्धतीवर (बाहेरच्या कामगाराचा व्हिसा तिथल्या मालकाच्या हमीवर चालतो ती) घ्यायचाय, पण मुलांच्या वडिलांबद्दल वर्गात कसं विचारू? कोणाचा अपमान व्हायला नको, कोणाची नोकरी अडचणीत यायला नको. कोणी असं शिकवलंय का किंवा स्वतः तिकडे राहिलंय का? प्लीज सांगा, तास सोमवारी आहे.

प्रतिसाद

ताई, मी अठरा वर्षं कुवेतला काढली, फोरमन होतो. वर्गात तोंडी विचारूच नका. कागद द्या, नाव न घालता दोनच प्रश्न: व्हिसाला पैसे कोणी भरले, आणि पासपोर्ट कोणाकडे असतो. बाकी मुलं आपणहून बोलतील. आमच्या खोलीत दोन मिस्री, म्हणजे इजिप्तचे, होते, एक नाईलच्या डेल्टातला, त्याची जमीन ९७ लाच गेली म्हणून तो आला होता. म्हणजे तुमचे दोन्ही धडे एकाच खोलीत झोपत होते. आणि शब्दाचं म्हणाल तर कोकणात खंड सगळ्यांना कळतो, 'खंडावर जगणारं राज्य' म्हणा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. कागदाचं तसंच करते. तुमच्या त्या मिस्री मित्राची गोष्ट नाव न घेता वर्गात सांगितली तर चालेल का?