मोबाईल हातात असला म्हणून बातमी दाबता येत नाही?

सांगावा: "आता कुठलंच सरकार बातमी दाबू शकत नाही, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे," असं कालच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. मणिपूर विसरलात? ३ मे २०२३ला हिंसाचार पेटला, लगेच इंटरनेट बंद. दुसऱ्याच दिवशी दोन महिलांची विवस्त्र धिंड काढली. १८ मेला पोलिसांत तक्रार गेली. देशाला त्या धिंडीचा व्हिडिओ दिसला १९ जुलैला. अडीच महिने मोबाईल हातातच होते ना?

कृष्णाकाठ: ती पोस्ट माझीच. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तक्रारीने काही हललं नाही. व्हिडिओ आल्यावर अटक झाली, पंतप्रधान बोलले. १९७५च्या आणीबाणीत काय होतं? २५ जूनच्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या असलेल्या बहादूरशहा जफर मार्गाची वीज तोडली आणि छापखाने गप्प. पुढच्या वर्षी चार वृत्तसंस्था मोडून एकच 'समाचार'. आमचे आजोबा दार लावून, आवाज बारीक करून शॉर्टवेव्हवर बीबीसी ऐकायचे. खरखरीतून चार वाक्यं कळली तरी सकाळी पारावर सांगायला भ्यायचे.

बीडकर: आजोबांचं राहू द्या, आमचं ऐका. ३० ऑक्टोबर २०२३ला बीडमध्ये जाळपोळ झाली, नेट गेलं. फोन चालू. अमक्याचं घर जळलं, तमका गेला, रात्रभर हेच कानावर. खरंखोटं बघणार कुठे? पुण्याची बहीण टीव्ही बघून मला माझ्याच गावची बातमी सांगत होती.

खानदेशी: आणि नेट चालू ठेवून अफवा थांबते? राईनपाडा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरले आणि भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना ठेचून मारलं. आमच्या धुळे जिल्ह्यात. नेटचे गोडवे माझ्यासमोर गाऊ नका.

ट्रान्झिस्टर: रेडिओबद्दल कुणीच का बोलत नाही? खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या आहेत तशा लावायच्या, बस्स.

कृष्णाकाठ: एफएम ऐकतं कोण आता? विषय भरकटवू नका.

ट्रान्झिस्टर: ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसून बघा एकदा कोण ऐकतं ते! रिचार्ज संपलेल्या माणसाला तुमचं इंटरनेट काय कामाचं? शहरात बसून "प्रत्येकाच्या हातात" म्हणणं सोपं आहे.

कृष्णाकाठ: शहरात? मी शिरोळ तालुक्यात राहतो. माहिती नसताना अंगावर येऊ नका.

सांगावा: भांडू नका. पण ट्रान्झिस्टर यांचा मुद्दा बिनतोड आहे. काँग्रेस असो की भाजप, तो नियम कुणीच रद्द केला नाही.

बीडकर: त्या रात्री गावातल्या गावात एक एफएम बातम्या देत असतं, तर बहिणीला विचारायची वेळ आली नसती.

खानदेशी: एवढं मान्य. पण तिथेही अफवा सांगितली तर जबाबदार कोण, ते आधी ठरवा.

ट्रान्झिस्टर: स्टेशनला पत्ता असतो, परवाना असतो, दारात जाऊन जाब विचारता येतो. फॉरवर्ड करणाऱ्याला कुठे शोधणार?